‘मुंबई’ शोधलं की ‘मुंबईत’ का सापडत नाही: मराठी सर्चमधला नेहमीचा बिघाड आणि तपासणीचा क्रम

ग्रंथालयाची पुस्तकसूची, सोसायटीच्या परिपत्रकांचा साठा, वृत्तपत्राचा जुना संग्रह, वॉर्डातल्या सूचनांचं संकेतस्थळ, यांपैकी काहीही मराठीत असेल आणि त्याला शोधाची चौकट असेल, तर हा बिघाड कधी ना कधी समोर येतोच. दुरुस्त केला तरी सर्व्हर बदलल्यावर किंवा नवी आवृत्ती टाकल्यावर तो परत उगवतो. म्हणून तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या तीन फुकटात, अर्ध्या तासात होतात, आणि पुष्कळदा बिघाड तिथेच सापडतो.

लक्षणं

‘पाणी’ टाकलं तर मोजके निकाल येतात. ‘पाण्याचा’ टाकलं तर वेगळेच येतात, आणि दोन्ही याद्यांत सामाईक नोंदी जवळपास नसतात. ‘वांद्रे’ शोधणाऱ्याला ‘वांद्र्यातील जुन्या इमारती’ ही नोंद दिसत नाही. ‘पुनर्विकास’ शोधलं की ‘पुनर्विकासासाठी सभा’ हे परिपत्रक गायब असतं. इथे स्टेमिंग, म्हणजे प्रत्यय काढून शब्दाची रूपं एकत्र आणणं, नाहीच, किंवा आहे पण मराठीचं नाही.

याच्या उलट लक्षण म्हणजे ‘चाळीस’ शोधलं की गिरगावातल्या सगळ्या चाळी समोर येतात. ‘मालमत्ता कर’ शोधलं तर मालमत्ता हा शब्द असलेलं काहीही येतं, कराचा पत्ता नसतो. ‘मॉल’ शोधलं की ‘मोल’ येतं. इथे स्टेमिंग किंवा त्याआधीची साफसफाई गरजेपेक्षा जास्त कापते आहे.

तिसरा प्रकार फसवा असतो. डोळ्यांना अगदी सारखा दिसणारा शब्द एका संगणकावरून टाइप केला तर सापडतो, दुसऱ्यावरून नाही. याचा स्टेमिंगशी थेट संबंध नाही, पण तो आधी मिटवला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

हे होतं कशामुळे

शोधयंत्र शब्दाचा अर्थ बघत नाही, अक्षरांची रांग जुळते का एवढंच बघतं. इंग्रजीत एका नामाची रूपं दोनचार असतात, म्हणून तिथे शेवट छाटणारे थोडे नियम पुरतात. मार्टिन पोर्टर यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही तिथे कामाला येते. मराठीत नाम आधी सामान्यरूप घेतं, त्याला विभक्तीचा प्रत्यय लागतो, शब्दयोगी अव्यय चिकटतं, त्यावर पुन्हा ‘चा-ची-चे’ चढतं आणि शेवटी ‘च’ किंवा ‘ही’ येऊन बसतं. ‘घरासमोरच्यांनाही’ या एका शब्दात ‘घर’ शोधायचं तर पाच थर काढावे लागतात. ‘घर’ टाकणाऱ्याला ही नोंद हवी असते, पण यंत्राच्या लेखी हे दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत. स्टेमिंग म्हणजे हे थर काढून दोन्ही शब्द एकाच खुंटीवर अडकवणं. त्या खुंटीला अर्थ असण्याची गरज नाही. ‘रस्त’ हा शब्द कोशात नाही, तरी ‘रस्ता’ आणि ‘रस्त्यावरून’ दोन्ही तिथे पोचले की काम झालं.

पहिली तपासणी: शब्द उचलून तसाच चिकटवा

जी नोंद सापडत नाही ती उघडा. तिच्यातला शब्द कॉपी करा आणि काहीही न बदलता शोधाच्या चौकटीत चिकटवा. नोंद सापडली, पण हाताने टाइप केल्यावर सापडत नसेल, तर दोष कोडपॉइंटचा, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला असलेल्या क्रमांकाचा आहे. तिसऱ्या तपासणीकडे जा. चिकटवूनही सापडत नसेल तर ती नोंद इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या शब्दसूचीत, गेलेलीच नाही किंवा शब्द तुटला आहे. चिकटवून आणि टाइप करून, दोन्हीकडून सापडते आणि फक्त शब्दाचं रूप बदललं की हुकते, तेव्हाच प्रश्न स्टेमिंगचा. ही दोन मिनिटांची तपासणी टाळून लोक थेट स्टेमर लिहायला बसतात आणि आठवडा घालवतात.

दुसरी: मजकूर युनिकोडमध्ये आहे का

जुनी परिपत्रकं आणि पीडीएफ बऱ्याचदा श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत असतात. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसला तर तो मजकूर संगणकासाठी मराठी नाहीच, फक्त फॉन्टमुळे तसा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतरानंतर निदान पन्नास ओळी मूळ पानाशी ताडून बघा, कारण अशा रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी सर्वांत जास्त बिघडतात.

तिसरी: कोडपॉइंट

पायथनमध्ये शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचा कोडपॉइंट छापणारी एक ओळ लिहा आणि दोन्ही शब्द शेजारी ठेवा. मराठीत घोळ ठरावीक ठिकाणीच होतो.

सर्वांत मोठा घोळ ‘ऱ्य’चा. ‘कर्मचाऱ्यांना’मधला अर्धा ऱ तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, थेट यू+०९३१ आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र म्हणजे यू+०९३०, त्यापुढे नुक्ता यू+०९३सी, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करणारी प्रक्रिया) चालवलं की दुसरा प्रकार पहिल्यात येतो, पण तिसरा येत नाही. आणि इथेच नेहमीची चूक होते: ‘न दिसणारी चिन्हं’ म्हणून सगळे जोडक एका फटक्यात काढून टाकले जातात. तसं केलं की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, स्वयंपाक करणारे आणि गुरू एक होतात. क्रम असा ठेवा: आधी ‘र, हलन्त, यू+२००डी’ या तिकडीच्या जागी ‘यू+०९३१, हलन्त’ घाला, मग उरलेले यू+२००डी आणि यू+२००सी काढा. हा भेद जपण्याचं आणखी एक कारण स्टेमरच्या भागात येईल.

‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’मधला ॲ यू+०९७२ असतो, कधी अ आणि चंद्र अशी जोडी असते, कधी हिंदी कळफलकावरचा ऍ असतो. एनएफसी यांना एक करत नाही. तुम्ही स्वतः तिन्हींना यू+०९७२वर आणा. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवयही सार्वत्रिक आहे: ‘नि:शुल्क’, ‘दु:ख’. पुष्कळ यंत्रणा तिथे शब्दाचे दोन तुकडे करतात, म्हणून दोन देवनागरी अक्षरांच्या मधल्या कोलनच्या जागी खरा विसर्ग घाला. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एका बाजूला आणा. श आणि ल यांच्या दोन वळणांची काळजी मात्र करू नका. तो फॉन्टचा फरक आहे, कोडपॉइंट एकच असतो.

संग्रहात १९६२च्या लेखननियमांआधीचा मजकूर असेल तर ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशी रूपं भेटतील. सरसकट अनुस्वार काढू नका. अशा नेहमीच्या शब्दांची यादी करून तेवढेच बदला.

चौथी: शब्द कुठे तुटतो

पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत) ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. त्या खुणेने ‘मुंबई’ तोडला तर हाती ‘म’ आणि ‘बई’ असे दोन तुकडे येतात. अशा तुकड्यांवर कितीही चांगला स्टेमर चालवला तरी उपयोग शून्य. मजकूर वर्गीकरणाच्या काही लोकप्रिय पायथन साधनांत हीच खूण मुळात बसवलेली असते, त्यामुळे दोष कुणी आयता उचललेल्या कोडमधूनही येतो. देवनागरी पट्ट्यातली सगळी चिन्हं शब्दाचा भाग धरणारा नमुना लिहा, किंवा ‘रेगेक्स’ हे वेगळं मॉड्यूल वापरा. ल्युसीन या शोधाच्या कोडसंचावर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्च आणि सोलर या शोधयंत्रांमधला स्टँडर्ड टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मात्रा तोडत नाही, पण ‘जी/उत्तर’ वॉर्डाचे ‘जी’ आणि ‘उत्तर’ असे दोन तुकडे तो करतो, हे लक्षात असू द्या. वॉर्डाचं नाव वेगळ्या फील्डमध्ये ठेवणं बरं.

पाचवी: हिंदीचा ॲनालायझर लावला आहे का

मुंबईतल्या मराठी यंत्रणांमध्ये हे कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ॲनालायझर म्हणजे शब्द पाडणं, साफसफाई आणि स्टेमिंग ओळीने करणारी साखळी. ल्युसीनमध्ये हिंदीचा, बंगालीचा, तमिळचा, तेलुगूचा, नेपाळीचासुद्धा ॲनालायझर आहे, मराठीचा नाही. स्नोबॉल या तयार स्टेमरांच्या संचातही मराठी नाही. मग ‘लिपी एकच आहे’ म्हणून हिंदीचा लावला जातो, आणि तो चालतो आहे असा भास होतो, कारण कुठलीही त्रुटी छापून येत नाही.

इलॅस्टिकसर्चच्या ‘ॲनालाइझ’ सोयीत किंवा सोलरच्या ‘ॲनालिसिस’ पानावर हे शब्द टाकून बघा. ‘मुंबईत’चं ‘मुंबइत’ होतं, ‘मुंबईला’चं ‘मुंबइल’, ‘मुंबईचा’चं ‘मुंबइच’. एकही ‘मुंबइ’वर पोचत नाही, म्हणजे मराठी प्रत्यय त्याला ओळखताच येत नाहीत. ‘मुंबईकर’ मात्र ‘मुंबइ’ होतं, कारण ‘कर’ हा त्याच्या लेखी हिंदी क्रियापदाचा शेवट आहे. त्याच न्यायाने ‘आंबेडकर’चं ‘अंबेड’ होतं. ‘-कर’ आडनावांनी भरलेल्या आपल्या सूचीत याचे परिणाम काय होतील ते सांगायला नको.

त्याआधी चालणारं हिंदी सामान्यीकरण दीर्घ वेलांटी आणि उकार ऱ्हस्व करतं, हलन्त काढतं, ऱचा र करतं, ऑचा ओ आणि ॲच्या मात्रेचा ए करतं. हिंदी लिखाणातली विविधता मिटवायला ते ठीक आहे. मराठीत ‘मॉल’ आणि ‘मोल’, ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ सगळे एकत्र येतात. हिंदी स्टॉपवर्डच्या, म्हणजे शोधातून वगळायच्या शब्दांच्या, यादीत ‘कर’ आहे, म्हणून ‘मालमत्ता कर’मधला अर्धा शोध यंत्रापर्यंत पोचतच नाही.

उपाय: हिंदीचा ॲनालायझर पूर्ण काढा. काहीही न छाटणारा साधा ॲनालायझरसुद्धा यापेक्षा बरा, कारण तो निदान खोटं जुळवत नाही. मराठी स्टॉपवर्डची यादी स्वतः करा आणि ती आखूड ठेवा: आणि, व, आहे, हा, ही, हे, तो, ती, ते, की, पण, या, त्या एवढी पुरते.

सहावी: दोन्ही टोकांना एकच प्रक्रिया आहे का

इंडेक्स करताना एक ॲनालायझर आणि शोधताना दुसरा असेल तर ‘रस्त’ आणि ‘रस्त्या’ कधीच भेटणार नाहीत. ॲनालायझर बदलल्यावर जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत, पूर्ण री-इंडेक्स करावं लागतं. ‘बदल केला, काही फरक पडला नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा एवढंच असतं. तारांकित शोध, म्हणजे ‘पाण*’ असा, स्टेमरमधून जात नाही, त्यामुळे त्याच्यावरून स्टेमिंगची परीक्षा घेऊ नका.

री-इंडेक्स नव्या नावाच्या इंडेक्समध्ये करा, तपासा, मग टोपणनाव (ज्या नावाने शोध इंडेक्स गाठतो ते) तिकडे वळवा. तेवढा वेळ दोन्ही इंडेक्स डिस्कवर असतात. इलॅस्टिकसर्चमध्ये डिस्क ९५ टक्के भरली की मूळ सेटिंगप्रमाणे इंडेक्स फक्त वाचण्यापुरता उरतो आणि नव्या नोंदी अडतात, म्हणून आधी जागा मोजा.

सातवी: मराठी स्टेमर

इथून पुढे खरं काम आहे. चांगली गोष्ट अशी की शोधासाठी व्याकरण पूर्ण सोडवायची गरज नाही. नामं नीट जुळली की सूची आणि परिपत्रकांचे बहुतेक शोध मार्गी लागतात. क्रियापदांना पहिल्या फेरीत हात लावू नका. ‘बसला आग’ आणि ‘तो बसला’ यांतला फरक शेवट छाटून कळत नाही.

काम शब्दाच्या शेवटाकडून करा. आधी ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’. मग प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं, लांबातलं लांब आधी: पर्यंत, पासून, प्रमाणे, ऐवजी, नुसार, बाबत, विषयी, पेक्षा, मार्फत, साठी, मुळे, मध्ये, मधील, मधून, समोर, जवळ, खाली, वरून, वर, कडून, कडे, तील, तला, तल्या, तून, हून, च्या, चा, ची, चे, चं, ला, ना, ने, नी, शी, स, त. आखूड आधी काढला तर ‘पर्यंत’मधला फक्त ‘त’ जातो आणि ‘पर्यं’ मागे लटकत राहतो. एक शेवट काढल्यावर पुन्हा पहिल्यापासून फेरी मारा, सहा फेऱ्यांवर थांबा. ‘घरासमोरच्यांनाही’मधून ‘ही’ जातो, मग ‘ना’ आणि त्याआधीचा अनुस्वार, मग ‘च्या’, मग ‘समोर’, उरतं ‘घरा’. शेवटचा आकार गेला की ‘घर’.

हे नियम असेच सोडले तर धुमाकूळ घालतात. ‘योजना’चं ‘योज’ होतं, ‘इमारत’चं ‘इमार’, ‘शेत’चं ‘शे’. म्हणून प्रत्येक शेवटाला अट घाला, आणि या अटी मराठीच्या घडणीतूनच मिळतात:

- उरलेल्या भागात निदान दोन अक्षरं हवीत. अक्षर म्हणजे उच्चाराचं अक्षर, कोडपॉइंट नव्हे. ‘शे’ हे दोन कोडपॉइंटचं एकच अक्षर आहे. या एका अटीने शेत, भात, पाच, लाकडे, माकडे वाचतात.
- ‘ना’ आणि ‘नी’ फक्त अनुस्वारानंतर काढा. मुलांना, नद्यांनी हे अनेकवचन आहे. योजना, सूचना, दवाखाना, परवाना यांत अनुस्वार नाही, म्हणून ते वाचतात.
- ‘त’ आणि ‘स’ आधीच्या अक्षराला काना, दीर्घ वेलांटी, मात्रा असेल किंवा सुटा स्वर असेल तरच काढा. ‘घरात’, ‘मुंबईत’ कापले जातात. ‘इमारत’, ‘पंचायत’, ‘दिवस’ राहतात.
- ऱ्हस्व वेलांटी किंवा हलन्त शेवटी उरत असेल तर कापू नका. ‘महिला’, ‘दागिने’, ‘कुर्ला’, ‘किल्ला’ यामुळे वाचतात.

मग सामान्यरूप. इथे मूळ शब्द परत बांधण्याच्या नादी लागू नका. ‘रस्त्या’चं मूळ ‘रस्ता’, ‘ठाण्या’चं ‘ठाणे’, ‘पाण्या’चं ‘पाणी’. कुठे काय लावायचं हे यंत्राला ठाऊक नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंचा शेवट काढा. मूळ शब्दाचा अंत्य काना, वेलांटी, मात्रा काढा आणि सामान्यरूपातलं ‘्या’ काढा: रस्ता आणि रस्त्या दोन्ही ‘रस्त’, ठाणे आणि ठाण्या दोन्ही ‘ठाण’, वांद्रे आणि वांद्र्या दोन्ही ‘वांद्र’, कुर्ला आणि कुर्ल्या दोन्ही ‘कुर्ल’, भायखळा आणि भायखळ्या दोन्ही ‘भायखळ’. शाळा, शाळे, शाळां सगळे ‘शाळ’.

आता ऱकडे परत. ‘कर्मचारी’त साधा र आहे, ‘कर्मचाऱ्यांना’त ऱ. ‘्या’ काढल्यावर शेवटचा ऱ र करा, नाहीतर हे दोघे जन्मात भेटणार नाहीत. शेतकरी, नोकरी, पायरी सगळे यातच येतात. पण ‘र्या’ साध्या रचा असेल, आणि ‘वांद्र्या’सारखा तो र जोडाक्षरातला नसेल, तर ‘्या’ काढू नका, फक्त काना काढा. कारण मराठीत ‘री’कारान्त शब्दाचं सामान्यरूप ‘ऱ्या’ होतं, आणि ‘र्या’ येतं ते आचार्य, कार्य, सूर्य अशा तत्सम शब्दांत. म्हणून ‘आचाऱ्यांना’ जातं ‘आचार’वर, जिथे ‘आचारी’ही आहे, आणि ‘आचार्यांना’ जातं ‘आचार्य’वर. तिसऱ्या तपासणीत जोडक सरसकट काढला असता तर हा नियम लिहिताच आला नसता.

बाकीच्या ‘्य’ अंत्य शब्दांना असा आयता नियम नाही. सदस्य, राज्य, साहित्य, आरोग्य, वाक्य, नाट्य यांची यादी ठेवा आणि त्यांच्या बाबतीत फक्त काना काढा. सोसायटीच्या कागदपत्रांत ‘सदस्यांना’ पानोपानी असतं, तेव्हा ही यादी पहिल्या दिवशीच करा.

पुढचा पेच उपान्त्य स्वराचा. पूल पण पुलावर, विहीर पण विहिरीत, दूध पण दुधाचा. स्टेम तयार झाल्यावर त्यातला शेवटचा दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व करा. ‘पूल’ आणि ‘पुला’ दोन्ही ‘पुल’वर येतात. पाऊस-पावसात, माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडी, तांदूळ-तांदळाचा, भाऊ-भावाला, मुलगा-मुलाला यांत मात्र मधलं अक्षरच गळतं किंवा बदलतं. हे थेट अपवादांच्या यादीत लिहा. नियम करायला गेलात तर दहा शब्द जुळतील आणि तीस बिघडतील.

मग संरक्षित शब्द, ज्यांना स्टेमरने शिवूच नये: चाळीस, पोलीस, गुजरात, जाहिरात, संगीत, मसाला, मजला, लोकशाही, तिमाही, कार्यवाही, सरोवर. यादी घरबसल्या विचार करून होत नाही. आपल्या साठ्यातले सगळे वेगळे शब्द वारंवारितेने लावा, वरचे २००० शब्द स्टेमरमधून काढा आणि मूळ व स्टेम शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचा. एक दुपार जाते, पण बहुतेक मोठ्या चुका त्यातच सापडतात. उपनगरी रेल्वे स्थानकांची नावं याच वेळी वेगळी टाका, कारण परके शब्द आणि दादरसारखी पुष्कळ स्थलनामं सामान्यरूप न घेता थेट प्रत्यय घेतात: दादरला, लोकलने. ‘लोकलने’मधला ‘ने’ काढायचा आणि ‘वाहने’मधला नाही, हे यादीशिवाय जमत नाही. म्हणून ‘ने’ला काना-मात्रेची अट ठेवा आणि लोकल, बस, स्टेशन, रिक्षा यांसारख्या शब्दांची रूपं यादीत घाला.

हे बसवायचं कुठे? छोट्या साठ्यासाठी मी एकच मार्ग सुचवेन: स्टेमर बाहेर पायथनमध्ये चालवा, स्टेम केलेला मजकूर डेटाबेसच्या वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढून त्या रकान्यात शोधा. कुठलाही डेटाबेस चालतो आणि चूक शोधणं सोपं राहतं. इलॅस्टिकसर्चमध्ये प्लगइन लिहायचं नसेल तर साठ्यातल्या प्रत्येक शब्दाचा स्टेम काढून ती जोडी ‘स्टेमर ओव्हरराइड’च्या फाइलमध्ये द्या. तोटा एवढाच की नवे शब्द फाइल पुन्हा बनवेपर्यंत तसेच राहतात.

आठवी: स्टेमर बरोबर आहे, तरी निकाल विचित्र

मूळ शब्दाचं फील्ड आणि स्टेमचं फील्ड दोन्ही ठेवा आणि मूळ शब्दाला जास्त वजन द्या, तिप्पटीपासून सुरुवात करा. ‘माळ्यावर’ म्हणजे माळा की माळी, ‘पुण्याचा’ म्हणजे शहराचा की पुण्यकर्माचा, ‘ठाण्यात’ म्हणजे ठाणे शहरात की पोलीस ठाण्यात, हे स्टेमरला कधीच कळणार नाही. ‘पोलीस ठाणे’ शोधलं तर दोन्ही शब्द लगत असलेल्या नोंदी वर याव्यात एवढं वाक्प्रयोगाच्या शोधाने साधता येतं.

‘वांद्रे’ आणि ‘बांद्रा’, ‘शीव’ आणि ‘सायन’, ‘पाऊस’ आणि ‘वर्षा’ हे समानार्थी शब्दांचं काम आहे, स्टेमिंगचं नाही. स्थलनामांची यादी हाताने करा. सामान्य शब्दांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट बघा. समानार्थी शब्द स्टेमरच्या आधी लावलेत तर तेही स्टेममधून जातात. नंतर लावायचे तर यादीत स्टेम लिहावे लागतात. घोळ टाळायला आधीच लावा.

प्रत्येक बदलानंतर चालवायला एक फाइल ठेवा. एका बाजूला एकत्र यायलाच हव्यात अशा ५० जोड्या, दुसऱ्या बाजूला वेगळ्या राहायलाच हव्यात अशा ५०: चाळीस-चाळ, आचारी-आचार्य, मॉल-मोल, राज्य-राजा. शोधांच्या नोंदवहीतून शून्य निकाल आलेले शब्द दर महिन्याला काढून त्यात भर घाला. एक नियम सुधारताना दुसरा मोडला हे या फाइलशिवाय कळायला वाचकाची तक्रार यावी लागते.

कुठे थांबायचं

साठा स्कॅन केलेल्या जुन्या पानांचा असेल आणि अक्षरओळखीतच दर ओळीला चूक असेल, तर स्टेमरचं काम बंद करा. आधी अक्षरओळख सुधारणारा माणूस हवा. जुन्या फॉन्टच्या रूपांतरात हजारो पानं बिघडलेली दिसली तरीही तेच.

चालू सर्व्हरवर बदल करावा लागणार असेल आणि बॅकअप किंवा दुसरा सर्व्हर नसेल, तर हात लावू नका. शोधाच्या निकालावर निविदा, न्यायालयीन काम किंवा कुणाचा लाभ अवलंबून असेल तर घरगुती स्टेमर पुरेसा नाही. सुटलेली एक नोंद तिथे नुकसान करते. आणि दोन महिन्यांनंतरही अपवादांची यादी दर आठवड्याला वाढतच असेल, किंवा क्रियापदं आणि ‘उड्डाणपुलाखाली’सारखे जोडशब्द फोडणं खरोखर गरजेचं झालं असेल, तर तुम्हाला स्टेमर नको, शब्दाचे घटक व्याकरणाने फोडणारा रूपविश्लेषक हवा. तो मराठी व्याकरण आणि संगणन दोन्ही येणाऱ्या जाणकाराचं काम आहे.

त्याला बोलावताना या गोष्टी हातात द्या: शोधयंत्राचं नाव आणि आवृत्ती, ॲनालायझरची सेटिंग, वारंवारितेने लावलेली शब्दयादी, संरक्षित आणि अपवाद शब्दांच्या याद्या, शंभर जोड्यांची फाइल, आणि गेल्या तीस दिवसांत शून्य निकाल आलेले शोध. एवढं तयार असेल तर त्याचे पहिले दोन दिवस वाचतात, आणि तुमचे पैसेही.